क्लॉडियस

क्लॉडियस : (१ ऑगस्ट इ. स. पू. १० – १३ ऑक्टोबर इ. स. ५४). प्राचीन रोमचा चौथा सम्राट. कारकीर्द इ. स. ४१ ते ५४. सम्राट म्हणून नाव टायबेरियस क्लॉडियस सीझर ऑगस्टस जर्मेनिकस. जन्म गॉल प्रांतातील लुग्डूनम (सध्याचे फ्रान्समधील ल्याँ) येथे. इटलीबाहेर जन्मलेला हा पहिला रोमन सम्राट. वडील ड्रूसस हे ऑगस्टसचे सावत्र पुत्र आणि नाणावलेले सेनानी होते. आई अँटोनिया ही मार्क अँटनी व ऑगस्टसची बहीण ऑक्टेव्हिया यांची मुलगी. म्हणजे यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही पक्षांचे रक्त क्लॉडियसच्या अंगात होते.

वडील वारले तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता. तो लंगडत चालायचा, त्याची मान हलायची, बोलताना जीभ अडखळायची आणि राग आला की तोंडातून लाळ गळायची. आजच्या अभ्यासकांपैकी काहींना ही सेरेब्रल पाल्सीची लक्षणे वाटतात. घरच्यांनी मात्र त्याला मंदबुद्धी ठरवून टाकले. निसर्गाने सुरू करून अर्धवट टाकलेला माणूस, असे खुद्द आईच त्याच्याविषयी म्हणे. आणि कोणाला मूर्ख म्हणायचे झाले तर ‘माझ्या क्लॉडियसपेक्षा मठ्ठ’ म्हणे. हे सारे चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवले आहे. ऑगस्टसने पत्नी लिव्हिया हिला लिहिलेल्या पत्रांतले उतारेही त्याने दिले आहेत. एका पत्रात, लोकांना हसायला निमित्त नको म्हणून या मुलाला सर्कसच्या खेळांत पुढे बसवू नये, असा सल्ला आहे. दुसऱ्या एका पत्रात याच ऑगस्टसला आश्चर्य वाटते, की एरवी इतके अस्पष्ट बोलणारा हा मुलगा भाषण मात्र इतके चांगले कसे करतो.

थोरला भाऊ जर्मेनिकस सैन्याचा आणि जनतेचा लाडका होता. क्लॉडियसच्या वाट्याला पुस्तके आली. इतिहासकार लिव्हीच्या प्रोत्साहनाने तो लिहू लागला. त्याने ग्रीक भाषेत एट्रुस्कन लोकांचा (रोमच्या उत्तरेकडील प्राचीन इटालियन लोकांचा) इतिहास २० खंडांत आणि कार्थेजचा ८ खंडांत लिहिला. रोमच्या अलीकडच्या इतिहासावरही त्याने लिहिले, पण यादवीच्या काळाविषयी खरे लिहू नये म्हणून आई व आजी या दोघींनी त्याला दटावले. यातले काहीही आज उरलेले नाही. एट्रुस्कन इतिहासाचा नाश तर विशेष चटका लावणारा आहे. त्या लोकांची भाषा जाणणारी माणसे अजून हयात असताना तो लिहिला गेला होता आणि क्लॉडियसची पहिली पत्नीही एट्रुस्कन वंशाच्या घराण्यातली होती.

राज्यप्राप्ती : २४ जानेवारी ४१ रोजी पुतण्या कॅलिग्युला याचा त्याच्याच अंगरक्षक दलातील अधिकाऱ्यांनी राजवाड्यात खून केला. पन्नाशीचा क्लॉडियस घाबरून पडद्याआड लपला. पडद्याखालून दिसणारे पाय पाहून एका शिपायाने त्याला ओढून बाहेर काढले, आणि मारण्याऐवजी सम्राट म्हणून अभिवादन केले. प्रिटोरियन सैनिक (सम्राटाच्या अंगरक्षक दलाचे शिपाई) त्याला पालखीत घालून आपल्या छावणीत घेऊन गेले. तिकडे सीनेट प्रजासत्ताक पुन्हा आणायचे की नवा सम्राट निवडायचा याचा खल करत राहिली. ज्यू राजा हेरॉड अग्रिपा याने दोन्हीकडे निरोपांची ने-आण केली आणि दुसऱ्या दिवशी सीनेटला नमते घ्यावे लागले. क्लॉडियसने प्रत्येक प्रिटोरियन सैनिकाला १५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) देण्याचे वचन दिले. पुढे त्याच्या नाण्यांवर प्रिटोरियन छावणीची तटबंदी आणि ‘सम्राटाचा स्वीकार झाला’ अशा अर्थाची अक्षरे आली. आपण गादीवर कोणाच्या बळावर बसलो, हे त्याने लपवले नाही.

सीनेटने ही गोष्ट त्याला कधी माफ केली नाही. टॅसिटस, स्वेटोनियस आणि डिओ कॅसियस यांच्या ग्रंथांत जो क्लॉडियस दिसतो तो बायकांच्या व नोकरांच्या मुठीतला, विसराळू, भित्रा म्हातारा आहे. त्याच्या कारकिर्दीतले ब्राँझचे पट, शिलालेख आणि पपायरस वाचले तर निराळाच माणूस समोर येतो. तो तपशिलात शिरतो, जुने दाखले काढतो, कधी कंटाळा येईल इतके लांबण लावतो, पण प्रश्न काय आहे हे त्याला नेमके कळलेले असते. या दोन चित्रांपैकी एक निवडायचे तर त्याचे स्वतःचे शब्द अधिक विश्वासार्ह मानले पाहिजेत.

धान्य आणि बंदर : रोमची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास असावी. शहराचे पोट इजिप्त, उत्तर आफ्रिका आणि सिसिलीच्या गव्हावर चालत असे. क्लॉडियस गादीवर आला तेव्हा कोठारे जवळपास रिकामी होती. पुढे अशाच एका टंचाईत भर चौकात जमावाने त्याला घेरून शिव्या दिल्या आणि भाकरीचे शिळे तुकडे फेकून मारले. ५१ साली शहरात १५ दिवसांचेच धान्य उरले होते, असे टॅसिटस सांगतो. यावर क्लॉडियसने जमावाला शिक्षा केली नाही, व्यापाऱ्यांना अभय दिले. हिवाळ्यातल्या वादळात जहाज बुडाले तर नुकसान सरकार भरून देईल, असे त्याने जाहीर केले. ठरावीक क्षमतेचे जहाज बांधून सहा वर्षे रोमला धान्य आणणाऱ्या लॅटिन हक्कधारकाला (म्हणजे अर्धवट नागरी हक्क असलेल्याला) पूर्ण रोमन नागरिकत्व मिळू लागले.

खरी अडचण बंदराची होती. टायबर नदीच्या मुखाशी ऑस्टिया येथे गाळ साचत असे. त्यामुळे अलेक्झांड्रियाहून येणारी मोठी जहाजे दूर दक्षिणेला नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात रिकामी होत आणि तिथून माल लहान गलबतांनी वर न्यावा लागे. ऑस्टियाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर नवे बंदर खोदण्याचे काम क्लॉडियसने ४२ साली सुरू केले. खर्चाचा आकडा ऐकून तो माघार घेईल, अशी स्थापत्यतज्ज्ञांची अपेक्षा होती. त्याने माघार घेतली नाही. समुद्रात दोन बाहू टाकून पाणी कोंडण्यात आले. कॅलिग्युलाने इजिप्तमधून ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) आणण्यासाठी बांधलेले अजस्र जहाज तिथे बुडवून, त्याच्या पायावर दीपगृह उभारण्यात आले. तो ओबेलिस्क आज व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर चौकात उभा आहे. बंदरासाठी काढलेल्या कालव्यांमुळे रोम शहर पुराच्या धोक्यातून सुटले, असे ४६ सालचा शिलालेख म्हणतो. या बांधणीत दोष होते, हेही सांगितले पाहिजे. इतक्या विस्तीर्ण पाण्याला वादळाचा आडोसा नव्हता आणि ६२ साली बंदरात नांगरलेली सुमारे २०० जहाजे वादळात नष्ट झाली. पुढे सम्राट ट्रेजनने आतल्या बाजूला षट्कोनी गोदी बांधली तेव्हा ती उणीव भरून निघाली. समुद्र मागे हटल्याने आज हे अवशेष जमिनीवर, फ्युमिचिनो विमानतळाच्या शेजारी आहेत.

पाणी : कॅलिग्युलाने ३८ मध्ये सुरू केलेले दोन जलमार्ग क्लॉडियसने ५२ साली पुरे केले. अ‍ॅक्वा क्लॉडिया सुमारे ६९ किमी. लांब आणि अ‍ॅनिओ नोव्हस सुमारे ८७ किमी. लांब आहे. दोन्हींचा बहुतांश भाग जमिनीखालून जातो आणि शहराजवळ येताना ते उंच कमानींवर चढतात. थोरल्या प्लिनीने यांचा खर्च ३५ कोटी सेस्टर्स दिला आहे. रोममधील पोर्ता माज्जोरे या वेशीवर क्लॉडियसचा कोरीव लेख अजून वाचता येतो. पाणी स्वखर्चाने आणले, असे तो त्यात म्हणतो. त्याखालीच नंतरचा सम्राट व्हेस्पेझियन याचा लेख आहे. मधली नऊ वर्षे अ‍ॅक्वा क्लॉडिया बंद पडलेला होता आणि आपण तो दुरुस्त केला, असे त्यात लिहिले आहे.

मध्य इटलीतील फुसिनो सरोवराचे पाणी डोंगरातून बोगदा काढून नदीत सोडण्याचा उद्योगही त्याने केला. ३०,००० माणसे ११ वर्षे या कामावर होती, असे स्वेटोनियस लिहितो. बोगद्याची लांबी साडेपाच किलोमीटरहून अधिक. उद्घाटनाला १९,००० कैद्यांना जहाजांवर चढवून खोटी नव्हे, खरी नौदल लढाई करायला लावली गेली. ‘मरायला निघालेले तुला वंदन करतात’ हे प्रसिद्ध वाक्य याच प्रसंगाचे आहे. रोमन सार्वजनिक कामांचे कौतुक करताना हा रक्तपात विसरता येत नाही. सरोवर पूर्ण आटले ते एकोणिसाव्या शतकात.

ल्याँचा पट : ४८ साली गॉलमधील प्रतिष्ठितांनी सीनेटचे सदस्य होण्याचा हक्क मागितला. सीनेटमध्ये विरोध झाला. ज्युलियस सीझरला वेढणाऱ्यांचे नातू आता आमच्या शेजारी बसणार काय, असा सूर होता. क्लॉडियसने त्यांच्या बाजूने भाषण केले. टॅसिटसने ते आपल्या शैलीत पुन्हा लिहिले आहे. पण १५२८ मध्ये ल्याँ येथे मूळ भाषण कोरलेला ब्राँझचा पट सापडला आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची दुर्मिळ संधी मिळाली. टॅसिटसचे भाषण नीटनेटके आहे. मूळ भाषण भरकटते, मध्येच एखाद्या जुन्या राजाच्या वंशावळीत घुसते आणि एका ठिकाणी ‘आता तुझे म्हणणे कुठे चालले आहे ते सीनेटला सांग’ असे शब्दही येतात. ते तो स्वतःलाच म्हणतो की कोणी सभासद टोकतो, यावर मतभेद आहेत.

मुद्दा मात्र ठाम आहे. रोम आरंभापासून परक्यांना आपले करत आला. नूमा राजा सबाइन होता, टार्क्विनचे वडील ग्रीक होते. रोमचा आणखी एक जुना राजा सर्व्हियस टुलियस याच्याविषयी तो सांगतो की एट्रुस्कन परंपरेत हाच मस्तार्ना, सीलियस व्हिवेन्ना याचा सोबती. ही माहिती दुसऱ्या कोणत्याही रोमन लेखकाने अशी दिलेली नाही. १८५७ मध्ये व्हुल्ची येथे एक एट्रुस्कन थडगे उघडले आणि त्याच्या भिंतीवरच्या चित्रात व्हिवेन्नाच्या बेड्या तोडणारा मस्तार्ना नावानिशी दिसला. ज्याला घरच्यांनी मठ्ठ म्हटले, त्याच्या अभ्यासाला अठराशे वर्षांनी असा पुरावा मिळाला. सीनेटचे सदस्यत्व प्रथम गॉलमधील एडुई जमातीला मिळाले. त्याच सुमारास झालेल्या गणनेत ५९,८४,०७२ नागरिक नोंदले गेले.

दासांविषयीचा त्याचा एक आदेशही उल्लेखनीय आहे. आजारी दासांना औषधपाणी करायला नको म्हणून मालक त्यांना टायबरमधील एस्क्युलेपियस या आरोग्यदेवतेच्या बेटावर सोडून देत. अशा प्रकारे टाकलेला दास बरा झाला तर तो स्वतंत्र होईल आणि टाकण्याऐवजी त्याला मारले तर तो खून मानला जाईल, असे क्लॉडियसने ठरवले.

ब्रिटन आणि सीमा : लष्करी कीर्तीची गरज असलेल्या क्लॉडियसने ४३ साली ऑलस प्लॉशियसच्या हाताखाली चार लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) ब्रिटनमध्ये उतरवल्या. निर्णायक टप्प्याला तो स्वतः गेला, कॅम्युलोड्यूनम (कोल्चेस्टर) येथे प्रवेश केला आणि अवघे १६ दिवस राहून परतला. मुलाला ब्रिटॅनिकस हे नाव मिळाले. ५१ साली पकडून आणलेल्या कॅराटॅकस या राजाला त्याने रोममध्ये जीवदान दिले. मॉरेटेनिया, लिसिया, ज्यूडिया आणि थ्रेस हेही याच काळात प्रांत झाले.

हिंदी महासागर : क्लॉडियसच्या दरबारी ताप्रोबेनचे, म्हणजे श्रीलंकेचे, चार दूत आले होते, असे थोरला प्लिनी सांगतो. तांबड्या समुद्रावरील कराचा मक्तेदार अ‍ॅनियस प्लॉकॅमस याचा मुक्त केलेला दास अरबस्तानाजवळ वादळात सापडून १५ व्या दिवशी त्या बेटाला लागला. त्याच्याजवळची नाणी वेगवेगळ्या सम्राटांची असूनही सारख्या वजनाची आहेत, हे पाहून तिथल्या राजाने रोमशी मैत्री करायचे ठरवले, अशी ती कथा. इजिप्तच्या वाळवंटात प्लॉकॅमसच्या एका दासाने इ. स. ६ मध्ये कोरलेला लेख सापडल्यामुळे हा प्रवास क्लॉडियसच्या आधीचा असावा, असेही मत आहे. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापारी मार्गदर्शक महाराष्ट्रातील पैठण, तेर, कल्याण, सोपारा व चौल या ठिकाणांची नावे घेतो. पैठणचे गोमेद आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचला येई, असे त्यात आहे. तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रात जाणाऱ्या व्यापाराचा हा काळ क्लॉडियस-नीरोच्या पिढीचा होता.

दरबार आणि अखेर : पत्रव्यवहार नार्सिससकडे, हिशेब पॅलसकडे, अर्ज कॅलिस्टसकडे असा कारभार त्याने मुक्त केलेल्या दासांवर सोपवला. उच्चकुलीनांना हे फार झोंबले. कामे वेगाने झाली. या लोकांनी अफाट पैसाही केला. ४२ मधील स्क्रिबोनियानस या प्रांताधिपतीचे बंड पाच दिवसांत विरले, पण त्यानंतर संशय कायम राहिला. ३५ सीनेट सदस्य आणि ३०० हून अधिक अश्वारोही वर्गाचे (सीनेट सदस्यांखालोखालच्या श्रीमंत वर्गाचे) लोक त्याच्या कारकिर्दीत मारले गेले, असा स्वेटोनियसचा आकडा आहे. हा डाग पुसता येण्यासारखा नाही.

तिसरी पत्नी मेसालिना हिने ४८ साली उघडपणे गेयस सिलियसशी लग्न लावले आणि दोघांनाही प्राण गमवावे लागले. पुढच्या वर्षी क्लॉडियसने सख्खी पुतणी अग्रिपिना हिच्याशी लग्न केले. त्यासाठी सीनेटने तसा विवाह कायदेशीर ठरवला. ५० साली त्याने तिचा मुलगा नीरो याला दत्तक घेतले. त्यामुळे स्वतःचा धाकटा मुलगा ब्रिटॅनिकस मागे पडला. क्लॉडियसच्या मृत्यूला अग्रिपिनाने अळंबीतून घातलेले विष कारण झाले, असे बहुतेक प्राचीन लेखक म्हणतात. नीरोने त्याला देवत्व दिले आणि ब्रिटॅनिकस वर्षाच्या आत मेला. सीलियन टेकडीवर सुरू झालेल्या क्लॉडियसच्या मंदिराची नीरोने मोडतोड केली. ते पुरे केले व्हेस्पेझियनने, जो ब्रिटनच्या मोहिमेत क्लॉडियसच्या एका लीजनचा सेनापती होता. व्हेस्पेझियनचे अधिकार ठरवणारा ब्राँझवरील कायदा रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. त्यात आधीच्या सम्राटांपैकी ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस या तिघांचेच दाखले दिले आहेत.