ताळा जमला पाहिजे : फाशांच्या बेसबॉलची रोजकीर्द

पुस्तकाचं पान उघडून शेवटच्या आकड्यावर धावा मोजणारं बुक क्रिकेट ज्याने वर्गात मागच्या बाकावर खेळलंय, त्याला टेबलावरचा बेसबॉल समजायला दोन मिनिटं पुरतात. फरक एवढाच, की बुक क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज आणि अकरावा गडी दोघांनाही सारखंच पान लागतं. इथे प्रत्येक खेळाडूचं वेगळं छापील कार्ड असतं, आणि त्याने खऱ्या हंगामात काय केलं ते त्या कार्डावरच्या आकड्यांत मुरवलेलं असतं. फासे टाकायचे, कार्डावर बघायचं, आणि वहीत लिहायचं.

अमेरिकेत या खेळाला शंभरेक वर्षं झाली. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेच्या क्लिफर्ड व्हॅन बीकने १९२५ मध्ये अशा खेळाचं पेटंट घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झने १९५१ मध्ये ‘ॲपबा’ विकायला काढला. ॲपबा म्हणजे अमेरिकन प्रोफेशनल बेसबॉल असोसिएशन, आणि हे नाव त्याने मित्रांबरोबर चालवलेल्या घरगुती लीगचं होतं. १९६१ मध्ये हॅल रिचमनचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. कादंबरीकार जॅक केरुॲकने तर लहानपणी कल्पनेतले संघ उभे केले, त्यांना मोटारींच्या कंपन्यांची नावं दिली, आणि मोठेपणीही त्यांचे निकाल आणि सरासऱ्या लिहीत राहिला. ते कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपून ठेवलेत. या छंदात वही हाच अर्धा खेळ आहे, आणि खरं सांगायचं तर चुरशीचा अर्धा.

आधी फाशांचं गणित. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये एक पांढरा फासा आणि दोन लाल. पांढऱ्यावर १ ते ३ पडलं तर फलंदाजाच्या कार्डावरचा तेवढ्या क्रमांकाचा रकाना, ४ ते ६ पडलं तर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या. लाल फाशांची बेरीज २ ते १२. म्हणजे एकूण ६ × ३६ = २१६ शक्यता, त्यातल्या १०८ फलंदाजाच्या हातात आणि १०८ पिचरच्या. एखाद्या रकान्यात ७ समोर होमरन (फलंदाजाला थेट घरी पोचवणारा, षटकारासारखा फटका) छापला असेल तर त्याचा वाटा २१६ पैकी ६, कारण ७ ही बेरीज सहा तऱ्हांनी पडते. १२ समोर असेल तर वाटा फक्त १. मात्र ७ वर होमरन असलेला फलंदाज ६०० खेपांत, म्हणजे ६०० वेळा फलंदाजीला येऊन, सरासरी १७ होमरन मारेल अशी अपेक्षा असली, तरी प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) ४ च्या आसपास येतं. एका हंगामात ९ आणि दुसऱ्यात २५ झाले तरी कार्ड चुकलेलं नसतं. ०.३०० च्या, म्हणजे दर दहा ॲट-बॅटमागे तीन हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारणाऱ्या फलंदाजाला ५०० ॲट-बॅटमध्ये (वॉक, सॅक्रिफाइस वगैरे वगळून मोजलेल्या खेपांत) ०.०२० इतकं विचलन असतं. दोन विचलनं धरली तर तो ०.२५९ ते ०.३४१ यांत कुठेही सापडेल. हे माहीत नसलेला माणूस हंगामाच्या मध्यावर कार्डांवर किंवा समोरच्या खेळाडूवर संशय घ्यायला लागतो. फाशांवर संशय असेल तर तो मोजता येतो: पांढरा फासा ६०० वेळा टाकून प्रत्येक आकडा १०० वेळा अपेक्षित, विचलन ९. सहा १३० वेळा पडले तर फासा बदला.

आता वही. दुकानदाराला जे आजोबांपासून ठाऊक आहे तेच इथे लागू पडतं: रोजकीर्द आधी, खतावणी नंतर. रोजकीर्दीत प्रत्येक घटना घडली त्या क्रमाने. खतावणीत खेळाडूवार बेरजा, आणि त्या बेरजा फक्त रोजकीर्दीवरूनच. बहुतेक घरगुती लीगा उलट करतात. सामना संपला की ‘४ पैकी २, एक होमरन’ एवढं हंगामाच्या तक्त्यात मिळवतात आणि स्कोअरशीट फेकून देतात. तीन महिन्यांनी एखादी बेरीज जुळत नाही, आणि चूक कुठल्या सामन्यात आहे ते शोधायला काहीच उरलेलं नसतं.

रोजकीर्दीची एक ओळ म्हणजे फाशांची एक टाक. तीत सामना क्रमांक, इनिंग (दोन्ही संघांची एकेक पाळी, तीन बाद झाले की पाळी संपते) आणि तिचा वरचा की खालचा अर्धा, ओळ क्रमांक, फलंदाज, पिचर, आधीचे बाद, आधी कुठल्या बेसवर (धावताना गाठायच्या थांब्यावर) कोण, फाशांचे आकडे, निकाल, चेंडू कुणी हाताळला आणि किती धावा. क्षेत्ररक्षकांना क्रमांक ठरलेले आहेत: पिचर १, कॅचर (फलंदाजामागचा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला) ६, मग डावीकडून उजवीकडे मैदानातले तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर टाकून दोघांना बाद केलं, की ६-४-३. बेस चोरणं, वाइल्ड पिच (कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेला चेंडू) आणि बदली खेळाडू यांनाही स्वतंत्र ओळ. बदलीची ओळ सर्वांत जास्त विसरली जाते, आणि मग पिंच हिटरने, म्हणजे बदली फलंदाजाने, मारलेली हिट आधीच बाकावर गेलेल्याच्या नावे चढते. नऊ इनिंगच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ७५-८० खेपा होतात. आठ संघ आणि प्रत्येकी ४० सामने म्हणजे १६० सामने, बारा हजारांच्या आसपास ओळी. संगणकाला हे काहीच नाही. हाताने लिहिणाऱ्यांनी प्रत्येक संघाची वेगळी वही धरावी.

संगणकावर एक गमतीदार संकट येतं. स्प्रेडशीटमध्ये ६-४-३ टाइप केलं की ती त्याची तारीख करून टाकते, आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. तो रकाना लिहायला लागण्यापूर्वीच ‘मजकूर’ म्हणून ठरवायचा.

सामना संपल्यावर पहिलं काम ताळा. बेसबॉलच्या नियमपुस्तकातच तो दिलेला आहे. एका संघाचे ॲट-बॅट, वॉक (चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला पहिला बेस), चेंडू लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस बंट (धावपटू पुढे सरकावा म्हणून स्वतः बाद होत हलकेच टेकवलेला चेंडू), सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारा फटका) आणि अडथळ्यामुळे मिळालेला पहिला बेस यांची बेरीज ही त्याच संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि समोरच्या संघाने केलेले बाद यांच्या बेरजेइतकी आलीच पाहिजे. उदाहरण घ्या: ३४ ॲट-बॅट, ३ वॉक, १ चेंडू लागून, १ बंट, मिळून ३९. दुसऱ्या बाजूला ५ धावा, ७ अडकलेले, २७ बाद, मिळून ३९. कारण साधं आहे: जो फलंदाजीला आला त्याचं तीनपैकी एकच होऊ शकतं, तो घरी पोचला (म्हणजे धाव झाली), बाद झाला किंवा बेसवर लटकला. यजमान संघ पुढे असून नववी इनिंग खेळला नाही, तर त्याच्या ताळ्यात बाद २४ धरायचे. २०२० मध्ये मेजर लीगने (अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगने) जादा इनिंग दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवून सुरू करायला घेतली, तेव्हापासून प्रत्येक अशा इनिंगमागे उजवी बाजू एकने वाढते, कारण तो माणूस फलंदाजीला न येताच बेसवर उभा असतो. लीगमध्ये हा नियम घेतला असेल तर ताळ्यात तेवढी वजाबाकी करा, नाहीतर रात्रभर नसलेली चूक शोधत बसाल.

हंगामाच्या तक्त्यालाही ताळे आहेत: सगळ्या फलंदाजांच्या हिट = सगळ्या पिचरनी दिलेल्या हिट; विजय = पराभव; बाद = इनिंगच्या तिप्पट. एक जागा मात्र अशी, की तिथे न जुळणं हेच बरोबर असू शकतं. दोन बाद झालेत, तिसरा बाद होण्याजोगा चेंडू क्षेत्ररक्षकाने सोडला, आणि तेव्हाच पिचर बदलला. नव्या पिचरच्या पहिल्याच चेंडूवर होमरन. नव्या पिचरला आधीच्या चुकीची सवलत नाही, म्हणून फलंदाजाची धाव त्याच्या नावे ‘अर्न्ड’ (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेली, पिचरच्या खात्यावर जाणारी). संघाच्या हिशोबात मात्र ती इनिंग आधीच संपायला हवी होती, म्हणून ‘अनर्न्ड’. पिचरांच्या अर्न्ड धावांची बेरीज संघापेक्षा जास्त निघाली तर घाईने खोडू नका.

अर्न्ड धावा सामना चालू असतानाच ठरवाव्यात. प्रत्येक धावपटूच्या शेजारी तो कुठल्या पिचरच्या खात्यावर आहे ते बारीक अक्षरात लिहिलं की बरीच भांडणं टळतात. जुन्या पिचरने पहिल्या बेसवर सोडलेला धावपटू ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) दुसऱ्या बेसला बाद झाला आणि फलंदाज पहिल्यावर पोचला, तर हा नवा धावपटूही जुन्याच पिचरच्या खात्यात राहतो. माणूस बदलला, उधारी तीच.

पिचरच्या इनिंगमध्ये सापळा आहे, आणि तो मराठी वाचकाला लगेच कळेल. ४.३ षटकं म्हणजे साडेचार, चार पूर्णांक तीन दशांश नव्हे. तसंच ६.२ इनिंग म्हणजे ६ इनिंग आणि २ बाद. एकदा ६.२ आणि एकदा ५.२ टाकणाऱ्याच्या इनिंगची स्प्रेडशीट ११.४ अशी बेरीज करते. खरी बेरीज १२.१. पाच अर्न्ड धावांवर पहिला हिशोब ३.९५ देतो, खरा इआरए (दर नऊ इनिंगमागे अर्न्ड धावा) ३.६५ आहे. इनिंग लिहूच नका, बाद लिहा: २० आणि १७, एकूण ३७. इआरए म्हणजे अर्न्ड धावा गुणिले २७ भागिले बाद.

सरासरीही साठवायची नसते, हिट आणि ॲट-बॅट साठवायचे. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी फलंदाज टेड विल्यम्स ४४८ पैकी १७९ वर होता. ते ०.३९९५५ होतं, छापताना ०.४००. तो दोन्ही सामने खेळला, ८ पैकी ६ मारल्या आणि ४५६ पैकी १८५, म्हणजे ०.४०६ वर थांबला. ज्या वहीत फक्त ‘०.४००’ लिहिलं असेल, तिच्यावरून पुढचा आकडा काढताच येत नाही. सरासऱ्यांची सरासरी काढणं तर त्याहून वाईट. १९९५ मध्ये डेरेक जीटर ४८ पैकी १२ (०.२५०) आणि डेव्हिड जस्टिस ४११ पैकी १०४ (०.२५३). १९९६ मध्ये जीटर ५८२ पैकी १८३ (०.३१४), जस्टिस १४० पैकी ४५ (०.३२१). दोन्ही वर्षं जस्टिस पुढे, पण दोन वर्षांचे मिळून जीटर ०.३१० आणि जस्टिस ०.२७०. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात; तुमच्या कारकिर्दीच्या तक्त्यात तो न बोलावता येतो.

खेळाडूला नावाने ओळखू नका, क्रमांक द्या. २००० साली न्यूयॉर्क मेट्सकडे बॉबी जोन्स नावाचे दोन पिचर होते. १९८९ पासून जुन्या सामन्यांच्या खेपेगणिक नोंदी गोळा करणाऱ्या रेट्रोशीट या संस्थेची पद्धत चांगली आहे: आडनावाची पहिली चार अक्षरं, नावाचं एक, मग तीन आकडे. टेबलावरच्या लीगमध्ये त्याला कार्डाचं वर्षही जोडा, कारण १९२१ चा बेब रूथ आणि १९२७ चा बेब रूथ ही दोन वेगळी कार्डं आहेत.

प्रत्येक सामन्याला एकच क्रमांक का, ते टाय कॉब या जुन्या फलंदाजाला विचारावं. १९१० मध्ये डेट्रॉइटचा एक सामना अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) वहीत कॉबच्या नावे दोनदा चढला, ३ पैकी २. त्या वर्षी नॅप लाजवेशी त्याची फलंदाजीच्या किताबासाठी अटीतटीची चुरस होती. ही दुबार नोंद पीट पामर या अभ्यासकाने शोधली आणि १९८१ मध्ये ती छापून आली. दुरुस्त हिशोबाने कॉबच्या ४,१९१ हिटच्या ४,१८९ झाल्या. तरीही ११ सप्टेंबर १९८५ ला पीट रोझने ४,१९२ वी हिट मारली तेव्हा कॉबचा विक्रम मोडल्याचा सोहळा जुन्याच आकड्यावर झाला. हॅक विल्सनची १९३० मधली आरबीआयची (फलंदाजाने आपल्या खेपेत घडवलेल्या धावांची) संख्या १९९९ मध्ये १९० ची १९१ झाली, कारण त्याची एक आरबीआय सहकाऱ्याच्या नावे लिहिली गेली होती. दोन्ही चुका सापडल्या त्या एकेका सामन्याची नोंद शिल्लक होती म्हणून. तुमच्याकडे चूक सापडली, तर जुना आकडा खोडून नवा लिहू नका; दुरुस्तीची वेगळी वही ठेवा आणि तीत तारीख, सामना क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा आणि पुरावा लिहा.

विक्रमांच्या पानावर पात्रतेची अट आधी लिहा. मेजर लीगमध्ये फलंदाजीच्या किताबासाठी संघाच्या दर सामन्यामागे ३.१ खेपा लागतात, १६२ सामन्यांना ५०२. तुमच्या ४० सामन्यांना १२४. इआरएसाठी दर सामन्यामागे एक इनिंग, म्हणजे ४० इनिंग किंवा १२० बाद. अट न लिहिलेल्या लीगमध्ये २ पैकी २ मारलेला माणूस १.००० वर कायमचा विराजमान असतो. प्लेऑफचे (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे) आकडे नेहमी वेगळ्या पानावर.

शेजारी त्या हंगामाची लीग सरासरी, कार्डांची वर्षं आणि नियमांची यादी लिहा. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती, तर १९६८ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ वर अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज ठरला. यंदा १९६८ ची आणि पुढल्या वर्षी १९३० ची कार्डं उघडलीत, तर तुमचं विक्रमांचं पान एका हंगामात पालटेल, आणि त्यात कुणाचंही कौशल्य नसेल. खेळाडूची सरासरी भागिले लीगची सरासरी गुणिले १०० असा एक रकाना वाढवला, की १९३० मधले ०.३०३ म्हणजे १०० आणि यास्त्रेम्स्की त्याच्या लीगच्या ०.२३० वर १३१.