गोरेवाडा वन (नागपूर)

नागपूर शहराच्या वायव्येस, काटोल रस्त्यालगत आणि गोरेवाडा तलावाभोवती पसरलेले शुष्क पानझडी जंगल. क्षेत्र सुमारे १,९०० हेक्टर. सीताबर्डीपासून अंतर आठ-नऊ किलोमीटर. व्यवस्थापन महाराष्ट्र वनविकास महामंडळाकडे (स्थापना १९७४, मुख्यालय नागपूर). याच क्षेत्राच्या एका भागात २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालय सुरू झाले.

वनप्रकार : ऑगस्टमधली छायाचित्रे पाहून या जंगलाला पर्जन्यवन म्हणण्याचा मोह होतो. मराठीत पर्जन्यवन, वर्षावन आणि सदाहरित वन हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे घोटाळा वाढतो. मूळ संज्ञा जर्मन वनस्पतिभूगोलतज्ज्ञ शिंपर यांची (१८९८). सदाहरित, ओलावाप्रिय, किमान ३० मीटर उंच आणि जाड वेली व वृक्षवासी वनस्पतींनी भरलेले वन, असा तिचा अर्थ. गोरेवाड्यात यांतली एकही अट पुरी होत नाही. नागपूरचा वार्षिक पाऊस सुमारे १,१०० मिमी, म्हणजे तसा कमी नाही; पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. हवामानाच्या कोपेन वर्गीकरणात पर्जन्यवनाच्या हवामानासाठी सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिमी पाऊस लागतो. मान्सूनी हवामानाला थोडी सवलत आहे : १०० मधून वार्षिक पावसाचा पंचविसावा भाग वजा करायचा. नागपूरसाठी हा आकडा ५६ येतो आणि डिसेंबर ते एप्रिलमधला एकही महिना त्याच्या आसपास फिरकत नाही. कोरडे महिने ठरवण्याची गॉसेन यांची कसोटी वेगळी : महिन्याचा पाऊस (मिमी) सरासरी तापमानाच्या (अंश से.) दुपटीहून कमी असेल तर तो महिना कोरडा. मे महिन्याचे सरासरी तापमान ३५ अंशांच्या घरात, म्हणजे ७० मिमी तरी हवा. पडतो त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. या मापाने नोव्हेंबर ते मे हे सात महिने निःसंशय कोरडे आणि ऑक्टोबर काठावरचा.

चँपियन व सेठ यांच्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात (१९६८) हे जंगल दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी गटात बसते. मतभेद उरतो तो उपप्रकाराचा : सागवानी की मिश्र? साग, धावडा, लेंडिया, मोई, सालई, तेंदू, पळस आणि खैर यांचे प्रमाण उतारागणिक बदलते, आणि सरळ ओळीत उभा साग दिसला की तो लावलेला समजावा. बेसाल्टच्या उथळ मुरमाड उतारांपुरते तरी मिश्र वन हेच वर्णन अधिक सयुक्तिक वाटते. नाल्यांच्या कडेला जांभूळ, करंज, उंबर हिरवे राहतात. ती हिरवी पट्टी भूजलाची खूण असते, हवामानाची नव्हे.

खऱ्या दमट अरण्याच्या खुणा या प्रदेशात आहेत, मात्र दगडांत. आता शहरात आलेल्या टाकळी भागातील लाव्हाथरांमधल्या गाळातून मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात गोड्या पाण्यातले शंख आणि बीजे-फळे गोळा केली. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे याच प्रकारच्या थरांत ताडवर्गी वृक्षांचे आणि निपाफळांचे (निपा म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला ताड) जीवाश्म मिळाले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी हे थर तृतीय युगाच्या (डायनासोर संपल्यानंतरच्या काळाच्या) आरंभीचे मानले होते. आता ते क्रिटेशसच्या (त्याआधीच्या कालखंडाच्या) अखेरीचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे धरण्याकडे कल आहे.

तलाव : गोरेवाडा तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला, वर्ष सामान्यतः १९१२ दिले जाते. त्याआधीच्या अंबाझरी तलावाबद्दल ‘१८७०, भोसल्यांच्या काळात’ अशी नोंद वारंवार आढळते. ती जशीच्या तशी घेता येत नाही, कारण नागपूरचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले होते. जुना भोसलेकालीन तलाव आणि त्यावर नंतर झालेले इंग्रजी काम, असा अर्थ लावला तर विसंगती मिटते. आज पेंच धरणाचे पाणी गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रांत येते. पाण्यासाठी शहराने जंगल राखल्याचे ठळक उदाहरण रिओ दि जानेरोचे तिजुका : कॉफीच्या मळ्यांनी डोंगर उघडे पडून झरे आटले, तेव्हा १८६१ पासून मेजर आर्चर यांच्या देखरेखीखाली तेथे पुन्हा झाडे लावली गेली. ते मात्र खरेखुरे पर्जन्यवन आहे.

भेट : प्राणिसंग्रहालयाची बससफारी आणि तलावाकडची वनसफारी या वेगळ्या गोष्टी आहेत, प्रवेश वेगळे, तिकिटेही वेगळी. चुकीच्या फाटकावर पोहोचणे ही नेहमीची फजिती. बससफारीत वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी असे विभाग आहेत. भर दुपारी प्राणी सावलीला बसून राहतात, म्हणून सकाळची पहिली फेरी घ्यावी. मोकळ्या जंगलात रोही, चितळ, रानडुक्कर, मोर आणि बिबट आहेत.

जून-जुलै : पहिल्या सरींच्या सुमारास नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले तर बोटे लाल होतात. सागाची ही सर्वांत सोपी ओळख. ऑगस्ट-सप्टेंबरात सागाची पाने जाळीदार, तपकिरी झालेली दिसतात. झाड वाळलेले नसते. पाने पोखरणाऱ्या अळीने हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या ठेवलेल्या असतात.

ऑक्टोबर-डिसेंबर : कुसळी गवताचा काळ. कुसळाचे शेपूट पिळलेले असते. दमट झाले की उलगडते, वाळले की पुन्हा पिळते आणि टोक मोज्यातून आत शिरत जाते. विणलेले मोजे टाळावेत, पँटचे पाय बुटावर घट्ट बांधावेत. गोचीड याच दिवसांत. परतल्यावर घोटे, गुडघ्यामागचा भाग आणि कंबर तपासावी. खाजकुइलीची शेंग अंगाला लागली तर चोळू नये, केस आणखी रुततात. चिकटपट्टी दाबून ओढली की बरेचसे निघतात.

फेब्रुवारी-मे : पळस फुलतो, सागाची पाने गळतात आणि जंगल आरपार दिसू लागते. प्राणी दिसण्याची शक्यता याच काळात सर्वाधिक, पर्जन्यवन पाहायला आलेल्यांची निराशाही याच काळात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, बिडी-काडी फाटकाबाहेरच. एप्रिलनंतर नऊच्या आत परत फिरावे. माणशी दोन लिटर पाणी आणि डोक्याला दुपट्टा हवाच.

बचाव केंद्र : प्राणिसंग्रहालयाशी संलग्न. संघर्षात पकडलेले किंवा जखमी वन्यप्राणी येथे आणले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये येथील तीन वाघ आणि एक बिबट मरण पावले. तपासणीत एच५एन१ (बर्ड फ्लूचा) विषाणू आढळला.