वेदनाशामकांचा घरगुती वापर आणि गैरवापर

वेदनाशामक म्हणजे दुखणे कमी करणारे औषध. दुखण्याचे कारण त्याने बहुधा जात नाही. घराघरांत सापडणाऱ्या पेनकिलरची मुख्य कुळे तीन. पॅरासिटामॉल हे एकटेच एक कूळ. दुसरे दाहशामकांचे, म्हणजे दुखण्याबरोबर सूजही उतरवणाऱ्या औषधांचे, त्यात अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधे येतात. तिसरे अफूवर्गीय: कोडीन, ट्रॅमाडॉल, मॉर्फिन. गोळी मात्र ओळखली जाते ती कंपनीने दिलेल्या नावाने, आणि बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात. नावे वेगळी असली तरी आतले औषध एकच असू शकते. म्हणून गोळ्यांच्या पत्त्यावरचे मोठे नाव नव्हे, त्याखालच्या बारीक अक्षरांतला घटक आणि मिलिग्रॅमचा आकडा वाचायचा असतो.

पॅरासिटामॉल ताप आणि साध्या दुखण्यावर चालते, जठराला फारसे लागत नाही, पण सूज उतरवत नाही. प्रौढांसाठी एका वेळी ५०० ते १००० मि.ग्रॅ., दोन मात्रांत किमान चार तास आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, नियमित दारू असेल किंवा बरेच दिवस पोटात नीट अन्न नसेल, तर ही मर्यादा बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. हिशेब चुकतो तो असा: तापासाठी ६५० मि.ग्रॅ.ची गोळी चार वेळा, म्हणजे २६०० मि.ग्रॅ. त्यासोबत सर्दीची गोळी चार वेळा, तिच्यात प्रत्येकी ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल, म्हणजे आणखी २०००. बेरीज ४६०० होते. घेणाऱ्याच्या लेखी मात्र त्याने दोन वेगळी औषधे घेतलेली असतात.

या औषधाचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलाच ग्लुटाथायोन हा पदार्थ त्याला निकामी करतो. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवे हे, की पहिल्या दिवशी मळमळ-उलटीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, कधी तेवढेही नाही. उजव्या बरगडीखालचे दुखणे आणि कावीळ नंतर दिसते. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत प्रभावी ठरतो. त्यामुळे जास्त गोळ्या गेल्याचे कळताच, माणूस ठणठणीत दिसत असला तरी, रिकामे पत्ते घेऊन रुग्णालय गाठावे.

लहान मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर काढावी: दर वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मि.ग्रॅ. १२० मि.ग्रॅ. प्रति ५ मि.लि.च्या सिरपचे ते ७.५ मि.लि. होतात, २५० मि.ग्रॅ. प्रति ५ मि.लि.च्या सिरपचे ३.६ मि.लि., तर १०० मि.ग्रॅ. प्रति मि.लि.च्या थेंबांचे फक्त १.८ मि.लि. पहिल्या बाटलीचा सवयीचा आकडा थेंबांच्या बाटलीला लावला तर एका दमात चौपटीहून अधिक औषध पोटात जाते. स्वयंपाकघरातला चमचा मोजमापाला वापरू नये. १६ वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन देऊ नये. विषाणूजन्य तापात त्यातून मेंदू आणि यकृताला घातक ठरणारा राय सिंड्रोम होण्याचा धोका असतो.

दाहशामके शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. दुखणे आणि सूज प्रोस्टाग्लँडिनमुळे वाढते, पण जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा यांनाही त्याचीच गरज असते. फायदा आणि तोटा असा एकाच मुळातून येतो. ‘उपाशीपोटी घेतली नाही म्हणजे झाले’ हा समज त्यामुळेच अपुरा आहे. खाल्ल्याने जळजळ कमी होते, पण औषध रक्तातूनही जठरावर परिणाम करते, म्हणून इंजेक्शन घेतल्यानेही अल्सरचा धोका टळत नाही. पित्ताचे पातळ औषध लक्षण दाबते, रक्षण करत नाही. खरोखर धोका असेल तर डॉक्टर ओमेप्राझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध जोडतात. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर गोळी बंद करून ताबडतोब रुग्णालयात जावे.

चिठ्ठीशिवाय घेतलेल्या आयबुप्रोफेनची मर्यादा दिवसाला १२०० मि.ग्रॅ. धरतात. एकाच कुळातल्या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने आराम फारसा वाढत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. त्यापेक्षा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी बरी, कारण दोघांचे काम वेगळ्या वाटेने चालते. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढवणारी गोळी आणि दाहशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते, विशेषतः जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले असताना. हृदयासाठी रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये, ते अ‍ॅस्पिरिनचे काम अडवू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, डेंग्यूची शंका असताना आणि गरोदरपणात २० आठवड्यांनंतर, सल्ल्याशिवाय दाहशामके नकोत.

सर्वांत कमी ओळखला जाणारा गैरवापर डोकेदुखीतला. डोके दुखते म्हणून गोळी, गोळीचा असर उतरला की पुन्हा ठणका, म्हणून पुन्हा गोळी. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साध्या गोळ्या घेतल्या, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मिश्र गोळ्या, कोडीन आणि अर्धशिशीवरच्या ट्रिप्टानसाठी ही रेषा १० दिवसांवरच येते. येथे मोजायचे असतात ते दिवस, गोळ्या नव्हेत. कॅलेंडरवर प्रत्येक गोळीच्या दिवशी खूण केली की चित्र लगेच दिसते. उपाय म्हणजे ती गोळी थांबवणे. पहिले काही दिवस डोके अधिकच उठते आणि बहुतेक जण तिथेच माघार घेतात. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल मात्र आपणहून एकदम तोडू नये.

अफूवर्गीय गोळ्यांनी श्वास मंदावतो, बद्धकोष्ठ होते आणि सवय लागते. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर त्या जीवघेण्या ठरू शकतात. उरलेली गोळी दुसऱ्याला देणे हा सर्वांत वाईट शेजारधर्म. कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते आणि तो वेग माणसागणिक बदलतो, म्हणून १२ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत.

वेळही महत्त्वाची. गोळीचा गुण यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, २० मिनिटांत दुसरी घेणे ही घाई. मासिक पाळीच्या दुखण्यात दाहशामक कळा सुरू होताच घेतलेले बरे. सावकाश विरघळणारी गोळी चुरून घेऊ नये, दिवसभराचे औषध एकदम सुटते. मधुमेहातली पायांची आग किंवा नागिणीनंतरची जळजळ हे नसांचे दुखणे, त्यावर या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा प्रिगाबालिनसारखी वेगळी औषधे असतात.

गुडघा किंवा बोटांच्या सांधेदुखीवर दाहशामकाचे जेल ही दुर्लक्षित पण चांगली सोय आहे, कारण रक्तात फार कमी औषध उतरते. जखमेवर जेल लावू नये, लावून झाल्यावर हात धुवावेत. केटोप्रोफेनचे जेल असेल तर ती जागा वापर थांबवल्यानंतरही दोन आठवडे उन्हापासून झाकून ठेवावी, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात.