पार्श्वभूमी : पेट्रियट्स आणि रिसीव्हरचा दुष्काळ

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने उचलण्याच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला. त्यानंतर पहिल्या फेरीतला पुढचा रिसीव्हर आला तो थेट २०१९ मध्ये. मधल्या काळात, २००१ च्या हंगामापासून, संघ नऊ सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळला आणि सहा जिंकला. त्यामुळे रिसीव्हरचा विषय निघाला की जुन्या चाहत्याचं उत्तर ठरलेलं असायचं : ट्रॉफ्या आल्या ना? आल्या. पण ज्यांच्या हातांनी आल्या ते बहुतेक रिसीव्हर दुसऱ्या संघांनी घडवलेले होते, नाहीतर शेवटच्या फेऱ्यांतून किंवा ड्राफ्टच्या बाहेरून हाती लागलेले. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, जिथे बाकीचे संघ आपले चांगले रिसीव्हर शोधतात, तिथे पेट्रियट्सचा हात पुन्हा पुन्हा पोळला. एका क्वार्टरबॅकमुळे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूमुळे, हे सगळं झाकलेलं राहिलं. २०२० मध्ये तो टँपाच्या संघाकडे गेला आणि उघडं पडलं.

१९९६ ची गोष्ट थोडक्यात. सातव्या क्रमांकावर ओहायो स्टेट विद्यापीठाचा रिसीव्हर घेतला गेला तो मालकाच्या इच्छेने. मुख्य कोचला बचावातला खेळाडू हवा होता. पोराने पहिल्याच हंगामात ९० झेल घेतले, नवख्यासाठी तेव्हाचा विक्रम, आणि संघ सुपर बोलपर्यंत गेला. कोच मात्र दुखावला तो दुखावलाच. जेवण माझ्याकडून करून घेता, तर निदान बाजारहाट तरी मला करू द्या, अशा अर्थाचं त्याचं वाक्य अजूनही फिरतं. सुपर बोल हरल्यावर तो जेट्स संघाकडे निघून गेला. त्या हंगामात त्याच्या हाताखाली असलेला एक सहायक २००० मध्ये पेट्रियट्सचा मुख्य कोच झाला आणि बाजारहाट, म्हणजे खेळाडू निवडण्याचं काम, पुढचे चोवीस हंगाम त्याच्याच हातात राहिला. ओहायो स्टेटच्या त्या रिसीव्हरशी त्याचं काही जमलं नाही. २००२ मध्ये त्याला ग्रीन बेला धाडलं.

नव्या कोचची सुरुवात वाईट नव्हती. २००२ मध्ये दुसऱ्या फेरीत लुइव्हिलचा एक आणि अगदी तळाला, २५३ व्या क्रमांकावर, नोत्र दामचा एक असे दोन रिसीव्हर घेतले आणि दोघेही लागले. लुइव्हिलवाला तर फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलमध्ये ११ झेल घेऊन सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण २००६ मध्ये पैशांवरून दोघेही गेले. एक टेनेसीला, दुसरा करारासाठी अडून बसला, तर त्याला पहिल्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात सिअॅटलला देऊन टाकलं. घडवलेला रिसीव्हर टिकवायचा नाही, ही सवय तिथून लागली.

दरम्यान २००३ मध्ये ४५ व्या क्रमांकावर टेक्सास ए अँड एमचा एक अतिवेगवान खेळाडू घेतला होता. तो किकऑफ परतवण्यापलीकडे, म्हणजे विरोधकाने लाथेने पाठवलेला चेंडू घेऊन धावण्यापलीकडे, फारसा गेला नाही. नऊ क्रमांकांनंतर ॲरिझोनाने फ्लोरिडा स्टेटचा रिसीव्हर उचलला आणि त्याने पहिल्याच हंगामात १०१ झेल घेतले. २००६ मध्ये तर पेट्रियट्सनी ग्रीन बेला आपला ५२ वा आणि ७५ वा क्रमांक देऊन ३६ वा घेतला आणि फ्लोरिडाचा वेगवान रिसीव्हर आणला. त्याने अख्ख्या मुक्कामात पेट्रियट्ससाठी १३ झेल घेतले. ग्रीन बेने त्याच ५२ व्या क्रमांकावर वेस्टर्न मिशिगनचा जो रिसीव्हर घेतला, त्याने पुढे सुपर बोलमध्ये दोन टचडाऊन (चेंडू विरोधकाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले. मागाहून असं बोट दाखवणं सोपं असतं हे खरं. प्रत्येक संघाच्या खात्यात अशा चुका निघतील. पण इतक्या सलग?

जानेवारी २००७ मध्ये इंडियानापोलिसला एएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यात संघ २१-३ असा पुढे होता आणि ३८-३४ असा हरला. त्या वर्षीचा संघाचा पहिल्या नंबरचा रिसीव्हर सॅन दिएगोहून आणलेला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये आसपास एकही बचावपटू नसताना त्याच्या हातून चेंडू सुटला. क्वार्टरबॅकचा त्या क्षणीचा चेहरा ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. दोन महिन्यांत मायामीहून एक स्लॉट रिसीव्हर, म्हणजे कडेला नव्हे तर आतल्या बाजूला उभा राहणारा, आला आणि एप्रिलमध्ये चौथ्या फेरीच्या फक्त एका निवडीवर ओकलंडहून लीगमधला सर्वात धोकादायक रिसीव्हर. २००७ मध्ये त्या दुसऱ्याने २३ टचडाऊन झेलले, जो आजही विक्रम आहे. संघ १६-० गेला. सुपर बोल हरला, पण ते वेगळं दुःख. मायामीवाल्याने सहा हंगामांत ६७२ झेल घेतले. हा सौदा इतका फळला की रिसीव्हर घडवायचा कशाला, तयार मिळतोच आहे, ही समजूत पक्की झाली.

आता आक्रमणाच्या पद्धतीकडे येऊ, कारण नवखे इथे का बुडायचे ते त्याशिवाय कळत नाही. १९७० च्या दशकात याच संघातल्या दोन सहायक कोचनी रचलेली ही पद्धत. प्रत्येक रिसीव्हरला त्याचा वेगळा रूट, म्हणजे धावण्याचा मार्ग, सांगण्याऐवजी संपूर्ण रचनेला एकच नाव. कोण कुठे उभा आहे त्यावरून त्याचं काम ठरतं. तुम्ही आज बाहेरच्या बाजूला, पुढच्या प्लेला स्लॉटमध्ये, म्हणजे रचनेतल्या सगळ्या जागा तोंडपाठ हव्यात. त्यावर ऑप्शन रूट. स्लॉटमधला रिसीव्हर पाच-सहा यार्ड सरळ धावतो. समोरचा माणूस आतल्या बाजूला असेल तर बाहेर वळायचं, बाहेरच्या बाजूला असेल तर आत, बचाव झोनचा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा, असेल तर मोकळ्या फटीत थांबायचं. क्वार्टरबॅकही त्याच क्षणी तेच वाचतोय आणि रिसीव्हर वळायच्या आधी त्याच्या हातून चेंडू सुटलाय. दोघांनी वेगळं वाचलं तर चेंडू रिकाम्या जागी पडतो, किंवा विरोधकाच्या हातात.

म्हणूनच इथे टिकलेल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. २००९ मध्ये सातव्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर आलेला आणि दहा वर्षांनी सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला रिसीव्हर कॉलेजात, केंट स्टेटला, क्वार्टरबॅक होता. २०१९ मध्ये ड्राफ्टबाहेरून आलेला आणि पुढे तीन हंगाम संघाचा पहिल्या नंबरचा रिसीव्हर झालेला नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा मुलगा कॉलेजात शिरला तो क्वार्टरबॅक म्हणूनच. मैदान क्वार्टरबॅकच्या नजरेने वाचणारे टिकले. उलट बाजूने, सहा वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्याला, निवडलेला सिनसिनाटीचा नामांकित रिसीव्हर २०११ मध्ये आला आणि संपूर्ण हंगामात १५ झेल घेऊन गेला. लीगमध्ये दहा वर्षं काढलेल्याची ही गत, तर कॉलेजात साइडलाइनवरची खुणांची पाटी पाहून धावणाऱ्या २१ वर्षांच्या पोराची काय असणार?

२०१३ मध्ये हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मायामीवाला स्लॉट रिसीव्हर डेन्व्हरला गेलेला, त्याच्या जागी आणलेला जखमी, टाइट एन्ड (अडवणारा आणि झेलणाराही दणकट खेळाडू) जखमी. सप्टेंबरातल्या गुरुवारी रात्री जेट्सविरुद्ध नवखे मैदानात. मार्शलहून दुसऱ्या फेरीत घेतलेल्याने आपला पहिलाच झेल ३९ यार्डांच्या टचडाऊनमध्ये बदलला आणि मग पावसात एकामागून एक चेंडू सोडले. क्वार्टरबॅक हातवारे करत होता, ओरडत होता, मान हलवत साइडलाइनला जात होता. सामना १३-१० असा जिंकला खरा, पण केंट स्टेटवाल्याला १३ झेल घ्यावे लागले. मार्शलच्या पोराचा तो हंगाम ३७ झेलांचा, अगदी टाकाऊ नव्हे. पुढे पायाच्या दुखापतीने त्याला संपवलं. २०१६ मध्ये चौथ्या फेरीत आलेला जॉर्जियाचा रिसीव्हर २८-३ अशा पिछाडीवरून जिंकलेल्या त्या सुपर बोलमध्ये सहा झेल घेऊन गेला. त्यालाही गुडघ्यांनी दगा दिला. नशीब नव्हतं असं म्हणायचं तर या दोघांबाबत म्हणता येईल.

२०१९ बाबत नाही. वाद सगळा त्या निवडीचाच आहे आणि तो अजून मिटलेला नाही. मार्चमध्ये टाइट एन्ड निवृत्त झाला होता. स्लॉटमधला भरवशाचा माणूस तेहतिशीत पोहोचत होता. क्वार्टरबॅक हंगामाआधी ४२ चा होणार होता. अशा वेळी पहिल्या फेरीच्या ३२ व्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावर ॲरिझोना स्टेटचा रिसीव्हर घेतला : सहा फूट दोन इंच, २२८ पौंड, अंगावर बचावपटू घेऊन वर उडून चेंडू काढणारा. चार क्रमांकांनंतर सॅन फ्रान्सिस्कोने साउथ कॅरोलायनाचा घेतला. ५१ वर टेनेसीने आणि ६४ वर सिअॅटलने ओल मिसचे दोघे, ७६ वर वॉशिंग्टनने ओहायो स्टेटचा. या चौघांनीही पुढे हजार यार्डांचे, म्हणजे अव्वल रिसीव्हरचे, हंगाम केले. आणि लोक एक गोष्ट विसरतात. ३२ व्यानंतर पेट्रियट्सना आणखी एक संधी होती. दुसऱ्या फेरीत ते ५६ वरून ४५ वर चढले, तेही जास्तीची निवड मोजून, आणि घेतला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू. टेनेसीने ५१ वर घेतलेला तेव्हा समोर होता.

कोचची बाजू घेणारे म्हणतात, पोराला वेळच मिळाला नाही. ऑगस्टमध्ये पायाला दुखापत, पहिले नऊ सामने बाहेर, नोव्हेंबरात मैदानात. चाळिशीपारच्या क्वार्टरबॅकला शिकवायला सवड नव्हती. हे सगळं खरं आहे. डिसेंबरात फॉक्सबरोला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने छोटा पास घेतला, कडेकडेने धावत कोपऱ्यातल्या खांबाकडे झेप घेतली. पंचांनी पाय बाहेर गेल्याचं ठरवलं. रिप्लेत तो आतच होता, पण निर्णय तपासायला लावण्याचं चॅलेंज संघाकडे उरलं नव्हतं. टचडाऊनऐवजी कमी गुणांचा फील्ड गोल आणि सामना २३-१६ असा गेला. त्या दिवशी पंच नीट बघते तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याच्या बाजूचे लोक आजही विचारतात.

माझ्या मते प्रश्न तिथे नाहीच. हा रिसीव्हर बचावपटूपासून सुटा होऊ शकत नव्हता आणि हे कॉलेजच्या चित्रफितीतही दिसत होतं. त्याची ताकद अंगावर माणूस असताना झेल घेण्यात होती. पेट्रियट्सची पद्धत मात्र वळायच्या आत चेंडू सोडणारी, म्हणजे वळताना मोकळा झालेला माणूस हवा असणारी. असा खेळाडू या पद्धतीत बसवायचा तर पद्धत बदलावी लागते, आणि ती बदलायची तयारी नव्हती. १९९६ च्या कोचला निदान सबब होती की माल दुसऱ्याने आणला. इथे आणणारा आणि शिजवणारा एकच होता. प्रशिक्षण चुकलं की निवड चुकली हा वाद म्हणूनच मला पोकळ वाटतो. दोन्ही कामांचा अंतिम शब्द एकाच टेबलावर होता.

त्याच शरद ऋतूतली धावपळ पाहिली की घबराट किती होती ते कळतं. सप्टेंबरात ओकलंडने सोडलेला एक मोठा तारा आणला आणि एका सामन्यानंतर हाकलला. ऑक्टोबरात दुसऱ्या फेरीची निवड अटलांटाला देऊन तिशीतला रिसीव्हर आणला. पुढच्या हंगामाआधी त्यालाही सोडलं. जानेवारीत टेनेसीने २०-१३ असं घरच्या मैदानावर बाहेर काढलं. क्वार्टरबॅकचा पेट्रियट्ससाठीचा शेवटचा पास विरोधकाने पकडून टचडाऊन केला. ॲरिझोना स्टेटवाला तीन हंगामांत ५७ झेल, ५९८ यार्ड आणि चार टचडाऊनवर थांबला. २०२२ च्या जुलैत सातव्या फेरीच्या एका निवडीवर शिकागोने त्याला नेलं.

त्यानंतरचा काळ अधिक ताजा आणि अधिक केविलवाणा. २०२१ मध्ये तिजोरी उघडून दोन रिसीव्हर, दोन टाइट एन्ड विकत घेतले. २०२२ मध्ये पुन्हा वरच्या क्रमांकासाठी किंमत मोजून ५० वर बेलरचा रिसीव्हर, ४० यार्ड ४.२८ सेकंदांत धावणारा. दोन जागांनंतर पिट्सबर्गने जॉर्जियाचा घेतला तो लवकरच हजारापार गेला. २०२३ मध्ये ड्राफ्टबाहेरून आलेल्या, एकुलत्या घडवलेल्या रिसीव्हरलाही लास व्हेगासला जाऊ दिलं. २०२० पासून २०२४ पर्यंत पेट्रियट्सच्या एकाही रिसीव्हरने हजार यार्ड गाठले नाहीत.

२०२४ मध्ये जुना कोच गेला आणि खेळाडू निवडण्याचं काम ग्रीन बेच्या मुशीतून आलेल्या माणसाकडे गेलं. ग्रीन बे म्हणजे दुसऱ्या फेरीत रिसीव्हर काढण्यात वाकबगार, त्यामुळे आशा होती. तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर दुसऱ्या फेरीत ते ३४ वरून ३७ वर खाली आले आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचा रिसीव्हर घेतला. ३४ वा क्रमांक घेणाऱ्या चार्जर्सनी जॉर्जियाचा घेतला. त्याने पहिल्याच हंगामात ११४९ यार्ड काढले. पेट्रियट्सवाल्याचे १२ झेल, ८७ यार्ड. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकलं. चौथ्या फेरीत घेतलेला दुसराही तोवर गेला होता. तोपर्यंत गुडघ्याचं ऑपरेशन झालेला ३१ वर्षांचा रिसीव्हर २०२५ च्या मार्चमध्ये मोठ्या करारावर आणलेला होता. त्या हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडला तो त्याने, तिसऱ्या फेरीत घेतलेल्या वॉशिंग्टन स्टेटच्या नवख्याने नव्हे.