दोष मांजराच्या केसाचा नाही

घरात मांजर आहे आणि कुणाला सारख्या शिंका येतायत, की आपल्याकडे पहिला संशय केसांवर जातो. ‘केस पोटात गेला की दमा होतो’ हे तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. मग कुणी सोफ्यावरचे केस टिपत बसतं, कुणी मांजराचे केस कापून आणतं. त्रास तसाच राहतो, कारण केस हे फक्त वाहन आहे.

त्रास देतं ते ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजराची ॲलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांचं शरीर याच एका प्रथिनावर बिथरतं. मांजर अंग चाटत असताना जवळून बघा. जिभेवरचे बारीक काटे केसांच्या मुळापर्यंत पोचतात, लाळ तिथे सुकते आणि कोंड्यासोबत तिचे कण हवेत जातात. त्यातले बरेच ५ मायक्रॉनहूनही लहान असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. असे कण तासन्‌तास तरंगत राहतात, खाली बसलेलेही पंखा लावला की पुन्हा उठतात. शिवाय ते कपड्यांना चिकटून घराबाहेर जातात. ज्या वर्गात मांजरं पाळणाऱ्यांची मुलं जास्त, तिथे या ॲलर्जीच्या दमेकरी मुलांचा त्रास वाढतो, असं स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं.

प्रथिन तसं निरुपद्रवी. पण काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवतं. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी प्रथिन आलं की या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि नाक गळणं, डोळे चुरचुरणं सुरू होतं.

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती गोष्ट. ‘आठ दिवस बोका गावी ठेवला, तरी शिंका थांबल्या नाहीत, म्हणजे बोक्याचा दोष नाही’ असा हिशेब अनेक घरांत होतो. तो चुकतो. मांजर गेलं तरी गाद्या, पडदे, सोफ्यात मुरलेलं प्रथिन मांजर नसलेल्या घराइतकं कमी व्हायला चार ते सहा महिने लागू शकतात. आठ दिवसांत काहीच सिद्ध होत नाही.

उलट बाजूही आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गाद्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे भरपूर वाढतात आणि त्यांच्या ॲलर्जीची लक्षणंही हुबेहूब अशीच. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी. त्वचेच्या चाचणीत हातावर थेंब ठेवून हलकेच टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते बघतात. चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टरांना आवर्जून विचारा. तपासणीशिवाय पाळलेला जीव घराबाहेर काढणं मला अन्यायाचं वाटतं.

मांजराचीच ॲलर्जी निघाली, तर झोपायच्या खोलीपासून सुरुवात करा. रात्रीचे सात-आठ तास आपण तिथे श्वास घेतो. मांजराला तिथे पूर्ण बंदी, दार बंद, अभ्रे-चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. केरसुणीने कोरडा केर काढला की कण उडतात, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावं, आणि तेही ॲलर्जी नसलेल्या माणसाने. हेपा फिल्टरचं यंत्र हवेतले कण पकडतं, गादीतले नाही. मांजराला आंघोळ घालण्याचा फारसा फायदा नाही, थोड्याच दिवसांत प्रथिन पूर्वीइतकं होतं. बोक्याचं खच्चीकरण केल्यावर मात्र ते कमी तयार होतं. लाळेतलं हे प्रथिन निष्प्रभ करणारं, अंड्यातली प्रतिपिंडं घातलेलं खाद्यही अलीकडे काही देशांत मिळतं. त्याने प्रमाण घटतं, नाहीसं होत नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून हजारो रुपये मोजले जातात. अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये घरांतली धूळ तपासली, तेव्हा अशा जातींच्या घरी ॲलर्जीकारक प्रथिन कमी आढळलं नाही. त्यापेक्षा कामाची माहिती अशी: कुत्र्याचं ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीत, म्हणजे फक्त नरात बनतं. एखाद्याला तेवढ्याचीच ॲलर्जी असेल, तर मादी कुत्री पाळून भागू शकतं. रक्ततपासणीत हे कळतं.

नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आणि गोळ्या यांनी पुष्कळांचं निभावतं. ॲलर्जी करणारं प्रथिनच थोड्या-थोड्या मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावणारी, तीन ते पाच वर्षं चालणारी इम्युनोथेरपीही आहे, पण ती तज्ज्ञाच्याच देखरेखीखाली. छातीत सूं-सूं आवाज येत असेल, रात्री धाप लागून जाग येत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणत थांबू नका. दमा असेल आणि औषधांनीही आटोक्यात येत नसेल, तर मांजरासाठी ओळखीतलं दुसरं घर शोधावं. बाजारात किंवा मंदिरामागे सोडून येऊ नये; घरात वाढलेल्या मांजराला तिथे तग धरता येत नाही.