शत्रूकडून पुरणयंत्र मागून आणा

आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि नळ आला की गल्लीत जेवढी भांडणं होतात तेवढी अख्ख्या आठवड्यात होत नसतील. शेजारच्या काकूंनी लाइनला डायरेक्ट मोटर लावली असा आईला संशय, मग काय, दोन वर्षं बोलणं बंद. त्यांचं गेट वाजलं की पोहे खाता खाता पण आईच्या कपाळाला आठ्या.

ह्या आठ्या लॅबमध्ये मोजून झाल्यात बरं का. २००१ साली अमेरिकेत शार्लट व्हिट्व्हलिएट आणि त्यांच्या टीमने कॉलेजच्या ७१ मुलामुलींना सांगितलं की ज्याने तुम्हाला दुखावलं त्याला आठवा, कधी राग धरून आणि कधी माफ करून. राग धरला की हार्ट रेट, ब्लड प्रेशर, घाम, भुवयांचा स्नायू सगळंच वर, माफीचा विचार केला की त्यामानाने शांत. म्हणजे तो तिकडे जलेबी हाणतोय आणि बीपी वाढतंय आपलं!

२००८ मध्ये लंडनच्या सेमिर झेकी आणि जॉन रोमाया यांनी तर १७ जणांना त्यांच्या नावडत्या माणसाचा फोटो दाखवत मेंदू स्कॅन केला. प्युटामेन आणि इन्सुला हे भाग जागे झाले, आणि हे दोन्ही प्रेमात पडलेल्यांमध्येही जागे होतात. फरक असा की प्रेमात माणसाची पारख करणारा मेंदूचा बराच भाग थंड पडतो, द्वेषात थोडासाच, हिशेब चालूच राहतो. (लगेच प्रेम आणि द्वेष एकच असं स्टेटस टाकू नका, १७ माणसं फार कमी.)

मला आवडतो तो १९६९ चा जेकर आणि लँडी यांचा प्रयोग. लोकांना बक्षिसाचे पैसे मिळाले, मग काहींना खडूस वागणाऱ्या संशोधकाने स्वतः विनंती केली की माझ्या खिशातले पैसे होते, परत द्याल का? काहींना ऑफिसतर्फे सेक्रेटरीने विचारलं. ज्यांनी थेट त्याच्यावर उपकार केला त्यांना तो सगळ्यात जास्त आवडला, सेक्रेटरीवाल्यांना सगळ्यात कमी. आपण ह्याला मदत केली म्हणजे माणूस तेवढा वाईट नसावा, अशी मन स्वतःची समजूत घालतं. थोडक्यात प्रेम वाटायची वाट बघत बसायचं नाही, आधी हात हलवायचे, मन मागून येतं.

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या पुरणयंत्राचा दांडा तुटला. आई म्हणाली तू जा काकूंकडे. मी म्हटलं नाही, मी गेलो तर तो सेक्रेटरीवाला प्रकार होईल, तूच जा. बरीच कुरकुर करून गेली. काकूंनी यंत्र दिलं, वर बारीक जाळीपण शोधून दिली, आणि रात्री स्वतःहून दारात, "पुरण नीट निघालं ना हो वहिनी?"

मोटरचा विषय अजून कोणीच काढलेला नाही.