संघटनेचा दरफलक म्हणजे कायदा नव्हे

'संघटनेने दर ठरवलेत, त्यापेक्षा कमी घेणं बेकायदा आहे' असा मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. गैरसमज होणं स्वाभाविक आहे. अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या काचेवर शिक्का-सहीचा, लॅमिनेट केलेला दरफलक पाहिला, की तो सरकारीच वाटतो.

वस्तुस्थिती उलट आहे. स्पर्धा अधिनियम, 2002 चं कलम 3(3) वाचा. एकाच धंद्यातल्या लोकांनी किंवा त्यांच्या संघटनेने मिळून दर ठरवले, तर त्याने स्पर्धेला बाधा येते असं कायदा गृहीत धरतो. करार लेखी असावा लागत नाही. चहाच्या टपरीवर झालेली तोंडी सहमतीही कलम 2(ब) नुसार करारच. म्हणजे स्वस्तात काम करून देणारा नवा दुकानदार दोषी नाही. 'दर वाढव, नाहीतर माल बंद' म्हणणारे अडचणीत येऊ शकतात. नव्याने उभं राहणाऱ्या माणसाला हे कुणीच सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

एमआरपी ही तर कमाल किंमत. तिच्याखाली विकायला मुभा आहे.

मग रिक्षाचं भाडं? ते कायद्याने अधिकार दिलेलं सरकारी प्राधिकरण ठरवतं, रिक्षावाल्यांची संघटना नव्हे. पडताळणी इथूनच करा: फलकावर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख आहे का? नसेल, तर तो दर कुठल्या कायद्याखाली ठरला, हे संघटनेला लेखी विचारा.